छोटं विमान उतरवायला शिकताना: सगळा हिशोब वेगाचा

शिकाऊ वैमानिकाला सुरुवातीला वाटतं, लँडिंग म्हणजे धावपट्टीच्या वर दहा-वीस फुटांवर करायची करामत, हात बसला की जमेल. खरं तर त्या शेवटच्या पाच-सहा सेकंदांत दुरुस्त करण्याजोगं फार थोडं उरलेलं असतं. धावपट्टीच्या टोकावर विमान किती वेगात आणि किती उंचीवर आलं, यावरच पुढचं बरंचसं ठरतं. आणि तो वेग, ती उंची जमून येते दोन-तीन मिनिटं आधी, विमान अजून धावपट्टीला समांतर उडत असताना. तेव्हा सुरुवात तिथूनच करायला हवी.

उदाहरणासाठी सेस्ना १७२ घेऊ: चार आसनांचं, एका इंजिनाचं, पंख डोक्यावर असलेलं आणि जगभर प्रशिक्षणासाठी वापरलं जाणारं विमान. खालचे वेग त्याच्या १७२ एस या प्रकाराचे आहेत. तुमचं विमान वेगळं असेल तर आकडे त्याच्या माहितीपुस्तकातलेच घ्यायचे, शेजारच्या विमानाचे उसने घ्यायचे नाहीत.

समांतर उडतानाच सुरुवात

उतरण्यापूर्वी विमान धावपट्टीभोवती आयताकार फेरी मारतं, तिला सर्किट म्हणतात. जमिनीपासून उंची बहुतेक ठिकाणी १,००० फूट. या आयताची जी लांब बाजू धावपट्टीला समांतर, पण उतरण्याच्या उलट दिशेने जाते ती डाउनविंड. तिथून काटकोनात वळलं की बेस, आणि पुन्हा काटकोनात वळून धावपट्टीच्या रेषेत आलं की फायनल.

डाउनविंडवर वेग ९० नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आसपास ठेवतात. धावपट्टी किती दूर आहे हे डोळ्यांनी मोजायची एक सोपी खूण आहे: पंखाला खालून टेकू देणाऱ्या तिरक्या दांडीच्या साधारण मध्यावर धावपट्टी दिसली पाहिजे. ती दांडीच्या बुडाशी, विमानाला चिकटून दिसत असेल तर तुम्ही फार जवळ आहात आणि पुढची वळणं घाईची होणार. याच बाजूवर तपासण्या उरकायच्या. इंधनाचा चाप दोन्ही टाक्यांवर, मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारी कळ) पूर्ण आत, पट्टे घट्ट, दिवा चालू, आणि ब्रेकचे पेडल दाबून पायाला नीट दाब लागतो का ते पाहणं. ब्रेक निकामी आहे हे उतरल्यावर कळण्यापेक्षा इथे कळलेलं परवडतं.

कार्ब्युरेटर असलेल्या विमानात इथे आणखी एक काम असतं. इंजिनाची ताकद कमी केली की कार्ब्युरेटरच्या अरुंद नळीत हवा आणि इंधनाची वाफ यांच्यामुळे तापमान झपाट्याने उतरतं आणि दमट हवेत तिथे बर्फ साचू शकतो. बाहेर २० अंश सेल्सियस असलं तरी साचतो, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. म्हणून थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा दांडा) मागे घेण्यापूर्वी कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ ओढायची. १७२ एस मध्ये इंधन थेट इंजेक्शनने जातं, त्यामुळे ही कळच नाही. जुन्या १७२ मध्ये आणि १५२ मध्ये आहे.

आता धावपट्टीचं टोक, म्हणजे जिथे उतरायचं ते टोक, पंखाच्या बरोबर शेजारी आलं की थ्रॉटल मागे घेऊन इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या आसपास आणायचं. नाक लगेच खाली पडू द्यायचं नाही. उंची धरून वेग उतरू द्यायचा आणि १० अंश फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली झुकणाऱ्या झडपा) टाकायचे. पूर्ण फ्लॅपसाठी वेगमर्यादा ८५ नॉट आहे, वेगमापकावरचा पांढरा पट्टा तिथे संपतो. मग ८० नॉटच्या आसपास उतरण सुरू. धावपट्टीचं टोक खांद्यामागे ४५ अंशांवर दिसू लागलं की बेसकडे वळायचं, २० अंश फ्लॅप, वेग ७० ते ७५. फायनलला पूर्ण, म्हणजे ३० अंश फ्लॅप आणि ६५ नॉट. वारा जोराचा असेल तर बेसचं वळण थोडं आधी घ्यायचं, कारण फायनलला तोच वारा समोरून येऊन तुम्हाला मागे रेटणार आहे.

प्रत्येक फेरीत हेच आकडे, हेच क्रम, हीच ठिकाणं ठेवण्यामागे कारण आहे. बाकी सगळं सारखं असेल तर आजची फेरी कालच्याहून वेगळी का झाली याचं उत्तर एकच उरतं: वारा. ज्याची प्रत्येक फेरी वेगळी असते त्याला आपलं चुकतंय कुठे हे महिनाभर कळत नाही.

जिथे खरोखर माणसं दगावतात ते वळण

बेसवरून फायनलकडचं वळण वेगळं सांगायला हवं. मागून वारा असेल तर वळता वळता विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे वाहून जातं. शिकाऊ माणसाला ते दिसतं आणि तो विमान आणखी कलवतो. जमीन जवळ असल्याने जास्त कलवायची भीती वाटते, म्हणून मग पायाने रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं सुकाणू) दाबून नाक धावपट्टीकडे ओढायला बघतो. रडरने नाक खाली जातं, ते वर ठेवायला योक (वैमानिकाच्या हातातलं चाक) मागे ओढला जातो. आता विमान हळू आहे, घसरत वळतंय आणि नाक ओढून धरलेलं आहे. गिरकी लागायला एवढं पुरे. ५०० फुटांवर गिरकी लागली तर सावरायला उंचीच नसते.

आकड्यांत बघू. पूर्ण फ्लॅप आणि सरळ उड्डाण असताना हे विमान साधारण ४० नॉटला स्टॉल होतं, म्हणजे पंखावरून हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. उंची न सोडता ३० अंश कलवलं तर तोच वेग ४३ होतो, ४५ अंशांना ४८ आणि ६० अंशांना ५७. म्हणजे ६५ नॉटने उडताना २५ नॉटची गंगाजळी होती, ती नुसत्या कलवण्याने आठवर आली. म्हणून सर्किटमध्ये ३० अंशांपेक्षा जास्त कलवायचं नाही हा नियम. रेष ओलांडली गेली तर जाऊ द्यावी. हळूच परत यावं, नाहीतर फेरी सोडून वर निघून जावं.

काचेवरचा न हलणारा ठिपका

फायनलला आल्यावर धावपट्टीवरची एक जागा नेमायची, बहुधा टोकावर रंगवलेले मोठे आकडे. नाकाची ढब आणि वेग स्थिर असताना समोरच्या काचेतून त्या जागेकडे बघत राहायचं. ती काचेवर वर सरकत असेल तर तुम्ही तिच्या अलीकडेच जमिनीला लागणार. खाली सरकून नाकाखाली लपत असेल तर तुम्ही पलीकडे जाणार. आकार मोठा होतोय पण जागा हलत नाही, याचा अर्थ नेम बरोबर आहे. मात्र नाक वरखाली करत राहिलात तर ही खूण काहीच सांगत नाही. आधी वेग स्थिर, मग ठिपका. आणि चाकं नेमक्या त्या जागी टेकत नाहीत. शेवटी विमान आडवं करताना ते काहीशे फूट पुढे जातं, त्यामुळे नेम टेकायच्या जागेच्या अलीकडे धरावा लागतो.

उतरणीचा नेहमीचा कोन ३ अंश, म्हणजे प्रत्येक सागरी मैलाला सुमारे ३०० फूट. जमिनीच्या संदर्भातल्या वेगाला पाचाने गुणलं की मिनिटाला किती फूट उतरायचं ते कळतं: ६५ नॉटला सव्वातीनशे, समोरून १५ नॉट वारा असेल तर जमिनीवरचा वेग ५०, म्हणून फक्त अडीचशे. धावपट्टीच्या कडेला ‘पापी’ (PAPI), म्हणजे उतरणीचा कोन दाखवणारी चार दिव्यांची रांग असेल तर दोन पांढरे, दोन लाल म्हणजे कोन बरोबर. चारही लाल म्हणजे फार खाली, चारही पांढरे म्हणजे फार वर.

डोळा इथे फसवतोही. सवयीपेक्षा अरुंद धावपट्टी दूरची वाटते, आपण फार उंच आहोत असा भास होतो आणि माणूस नकळत खाली येतो. रुंद धावपट्टी उलट फसवते. पुढे चढ असलेली धावपट्टीसुद्धा तुम्ही आहात त्यापेक्षा उंच आहात असं भासवते. अनोळखी ठिकाणी डोळ्यापेक्षा उंचीमापकाचं ऐकावं.

आता सगळ्यात जास्त गोंधळाचा मुद्दा. फायनलला वेग नाकाने सांभाळायचा आणि उंची इंजिनाने. ऐकायला हे उलटं वाटतं. खाली गेलो तर नाक वर करावं, ही अगदी स्वाभाविक प्रतिक्रिया आहे आणि तिथेच घात होतो. या विमानाचा सर्वांत लांब तरंगत जाण्याचा वेग ६८ नॉट आहे, तोही फ्लॅप आत असताना. ६५ नॉटवर, फ्लॅप बाहेर लोंबत असताना नाक वर केलं की वेग पडतो, हवेचा अडथळा वाढतो आणि विमान पूर्वीपेक्षा जोरात खाली बसायला लागतं. जितकं ओढाल तितकं ते खाली बसतं. खाली गेलात तर थ्रॉटल पुढे, वर राहिलात तर मागे. नाक ६५ वर टेकवलेलं, तिथून हलवायचं नाही.

ते न हलवायला ट्रिम (योकवर सतत जोर लावावा लागू नये म्हणून असलेली जोडणी) हवा. हात सोडला तरी विमान ६५ धरून राहील इतका ट्रिम लावायचा आणि योक दोन बोटांत धरायचा. मूठ आवळून योक धरलेला विद्यार्थी दिसला की निम्म्या वेळा ट्रिम लावायचाच राहिलेला असतो.

दहा नॉट जास्तीचे

‘थोडा वेग जास्त असला तर काय बिघडलं, सुरक्षितच नाही का?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. कमी वेगाची भीती योग्यच आहे. पण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ६५ ऐवजी ७५ नॉटने आलात तर वेग वाढला १५ टक्के आणि ऊर्जा वाढली ३३ टक्के. ती कुठेतरी खर्च व्हायलाच हवी, आणि नेमकं तिथे तिला खर्चायला काही मिळत नाही. पंखांच्या लांबीपेक्षा, म्हणजे ११ मीटरपेक्षा, कमी उंचीवर आलं की जमीन पंखांच्या टोकांकडच्या भोवऱ्यांना आडवी येते आणि उचल निर्माण करण्यापोटी होणारा हवेचा अडथळा घटतो. विमान जमिनीच्या उशीवर तरंगल्यासारखं पुढे जात राहतं आणि खाली धावपट्टी संपत चाललेली असते. इथे अधीर होऊन योक पुढे दाबला की पुढचं चाक आधी आपटतं. उतरण्याच्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ या जास्तीच्या नॉटांत असतं, फ्लेअरमध्ये (टेकण्यापूर्वी नाक उचलून उतरण थांबवण्यात) नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वजनाचाही विचार हवा. ६५ हा आकडा पूर्ण वजनाच्या आसपासचा. वजन १० टक्क्यांनी कमी असेल तर योग्य वेग सुमारे ५ टक्क्यांनी कमी, म्हणजे ६२ च्या आसपास. प्रशिक्षक खाली उतरून विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याला पाठवतो तेव्हा विमान जास्त तरंगतं ते यामुळेच, आणि कोणी आधी सांगितलं नसेल तर विद्यार्थी बावचळतो. वारा झोत मारत असेल तर मात्र झोताचा निम्मा फरक वेगात मिळवायचा. वारा १० आणि झोत २० असेल तर ५ नॉट जास्त, त्याहून नको.

फ्लेअर

जमिनीपासून १० ते २० फुटांवर एक क्षण येतो. आतापर्यंत हळूहळू जवळ येणारी धावपट्टी अचानक दोन्ही बाजूंना पसरायला लागते. तेव्हा नजर नेमलेल्या जागेवरून उचलून धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यायची. जवळ बघत राहिलात तर जमीन नुसती धूसर पळताना दिसते, उंचीचा अंदाज येत नाही आणि हात घाबरून एकदम ओढतो. दूर बघितलं की डोळ्यांच्या कडांना धावपट्टीच्या बाजू वर येताना जाणवतात, उंची खरी तिथून कळते.

नजर वर जाताना योक हलक्या हाताने मागे, म्हणजे उतरण थांबून विमान जमिनीला समांतर होतं. थ्रॉटल पूर्ण मागे. आता चाकं एक-दोन फुटांवर आहेत आणि काम एकच: विमानाला टेकू द्यायचं नाही. वेग पडतोय, उचल कमी होतेय, विमान बसायला बघतंय; ते जेवढं बसेल तेवढाच योक मागे. पुन्हा बसेल, पुन्हा मागे. नाक हळूहळू वर येऊन धावपट्टीचं टोक झाकायला लागतं. स्टॉलच्या पाच ते दहा नॉट आधी इशाऱ्याचा भोंगा कुरकुरतो, तो इथे ऐकू आला तर काम चोख चाललंय. शेवटी योक पोटाशी येतो आणि मागची दोन चाकं टेकतात. पुढचं अजून हवेत.

यात चुका कुठल्या होतात? फार ओढलं तर विमान पुन्हा वर उठतं. थोडंच उठलं असेल तर नाक तसंच ठेवायचं, चिमूटभर थ्रॉटल द्यायचा आणि पुन्हा बसू द्यायचं. फार उठलं असेल तर वाट बघायची नाही, गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर निघून जायचं. फ्लेअर उंचावर झाला, म्हणजे दहा फुटांवर विमान आडवं होऊन वेग संपला, तर ते दगडासारखं खाली येतं. इथेही थ्रॉटल हाच उपाय. उशिरा झाला तर चाकं आपटून विमान उसळतं.

उसळल्यानंतर योक पुढे ढकलणं ही यातली सर्वांत महागडी चूक. विमान नाकावर येतं, पुढचं चाक आपटतं, नाक वर फेकलं जातं, वैमानिक पुन्हा ढकलतो. माणसाची प्रतिक्रिया प्रत्येक वेळी अर्धा ठेका मागे असल्यामुळे प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा मोठी होते. पुढच्या चाकाचा दांडा इंजिनामागच्या धातूच्या भिंतीला जोडलेला असतो. ती भिंत वाकते, दांडा मोडतो, पंखा जमिनीला लागतो, आणि मग इंजिन उघडून तपासल्याशिवाय विमान पुन्हा उडत नाही. दुसरी उसळी आली की तिसरीची वाट बघू नये.

वारा बाजूने असेल तेव्हा

आधी आडवा वारा मोजायचा. वारा धावपट्टीशी ३० अंश करत असेल तर त्याचा निम्मा भाग आडवा लागतो, ४५ अंशांना सुमारे ७० टक्के, ६० च्या पुढे जवळजवळ सगळा. २० नॉटचा वारा ३० अंशांनी येत असेल तर आडवा १० नॉट. १७२ चं माहितीपुस्तक १५ नॉट आडवा वारा उतरून दाखवलेला आहे असं सांगतं. ते कारखान्याच्या कसलेल्या वैमानिकाने दाखवलेलं असतं, शिकाऊ माणसाने आपली मर्यादा त्याच्या बरीच अलीकडे ठेवावी.

फायनलला नाक वाऱ्याकडे थोडं वळवून खेकड्यासारखं तिरपं येता येतं, पण तसंच टेकलं तर चाकांवर आडवा जोर येतो. म्हणून टेकण्यापूर्वी तिरपेपण काढावं लागतं. वारा डावीकडून असेल तर डावा पंख वाऱ्यात खाली आणि उजवा पाय रडरवर. कामं वाटून घ्यायची: विमान डावी-उजवीकडे सरकतंय का हे एलेरॉन (पंखांच्या टोकांकडची, विमान कलवणारी झडप) बघतो, नाक धावपट्टीच्या रेषेत आहे का हे रडर बघतो. दोघांची कामं मिसळली की पाय आणि हात एकमेकांशी भांडायला लागतात. डावं चाक आधी टेकतं, मग उजवं, मग पुढचं. एका चाकावर टेकणं बघायला विचित्र वाटतं, पण बरोबर तेच आहे.

सोडून देणं

गो-अराउंड म्हणजे फजिती, ही समजूत पहिल्याच आठवड्यात काढून टाकावी. ३०० फुटांवर वेग, रेषा आणि उतरण जमलेली नसेल, किंवा धावपट्टीचा पहिला एक-तृतीयांश भाग सरला तरी चाकं टेकली नसतील, तर सोडायचं. थ्रॉटल पूर्ण पुढे. कार्ब्युरेटरची गरम हवा बंद, कारण तिने ताकद कमी होते. उजवा पाय दाबायचा, कारण पूर्ण ताकदीवर नाक डावीकडे ओढतं. ट्रिम लँडिंगचा असल्यामुळे नाक वर उसळू बघेल, ते दाबून धरायचं. मग फ्लॅप ३० वरून २० वर. विमान चढायला लागल्याची खात्री झाली, वेग वाढला, की १०, मग शून्य. सगळे फ्लॅप एका झटक्यात आत घेतले तर उचल एकदम जाते आणि विमान बसतं. हा क्रम डोळे मिटून म्हणता आला पाहिजे, म्हणून तो जमिनीवर, बंद विमानात बसून घोकावा.

टेकल्यानंतर

चाकं टेकली तरी विमान अजून उडायच्या वेगात आहे. योक मागेच ठेवायचा, पुढचं चाक आपोआप बसेपर्यंत. आडवा वारा असेल तर वेग कमी होईल तसा एलेरॉन वाऱ्याकडे आणखी वळवत न्यायचा, कारण हवा कमी लागल्यावर त्याचा प्रभावही कमी होतो. सैल सोडला तर वाऱ्याकडचा पंख उचलला जाऊ शकतो. ब्रेक बेताने, तेही तिन्ही चाकं टेकल्यावर.

अंतराचे आकडे माहीत असू द्यावेत. समुद्रसपाटीला, वारा नसताना, डांबरी कोरड्या धावपट्टीवर १७२ एस चाकं टेकल्यावर ५७५ फुटांत थांबतं आणि ५० फूट उंचीच्या अडथळ्यावरून आलं तर एकूण १,३३५ फूट लागतात. हे आकडे सराईत हाताचे आणि जोरदार ब्रेकचे. मागून वारा असेल तर दर २ नॉटला १० टक्के वाढवायचे. गवत कोरडं असलं तरी चाकांवरची धाव ४५ टक्क्यांनी वाढते.

फ्लॅप, दिवा, रेडिओ या कशालाही धावपट्टीवर असताना हात लावू नये. चाकं आत घेता येणाऱ्या विमानात फ्लॅपऐवजी चाकांची कळ ओढली गेल्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि सवय पहिल्या विमानापासूनच लागते. वळून बाहेर यायचं, धावपट्टीची रेषा पूर्ण ओलांडून थांबायचं, आणि मग फ्लॅप आत.